हिंदकळणारे जग : एका प्रतिजैविकाने मागे ठेवलेली खूण

डोके गरगरण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भोवतालचे फिरू लागले की आपण ‘चक्कर आली’ म्हणतो. बसल्याजागेवरून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे येते ती अंधारी. शुद्ध हरपू लागते ती भोवळ किंवा घेरी. मात्र या शब्दांपैकी एकातही न मावणारी एक अवस्था आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला काहीही होत नाही. तो चालू लागला की प्रत्येक पावलागणिक समोरची पाटी, झाड, माणसाचा चेहरा वरखाली होतो. अक्षरे पुसट होतात, चेहरे ओळखू येत नाहीत. अंधार पडला की पायांखालची जमीन आहे की नाही, याचीच शंका येऊ लागते. घागर डोक्यावर घेऊन चालताना आतले पाणी जसे हिंदकळते, तसे सगळे दृश्य हिंदकळते. मला सापडलेला सर्वांत जवळचा शब्द ‘हिंदकळणे’ हाच आहे. गेली नऊ वर्षे मी या अवस्थेत राहते आहे.

अपेंडिक्स फुटून संसर्ग पोटात पसरल्यामुळे माझ्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर इतर औषधांबरोबर चौदा दिवस जेंटामायसिनची इंजेक्शने दिली गेली. त्या उपचारांनी जीव वाचला, हे आधी नोंदवले पाहिजे. पुढे जे झाले ते समजून घेण्यासाठी मी वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांकडे वळले. त्या शास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. गरजेपोटी केलेल्या वाचनाचा आणि विचारपूस करून जमवलेल्या माहितीचा हा गोषवारा आहे.

ऐकण्याबरोबर तोल सांभाळणे हेही कानाचे काम आहे. प्रत्येक अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, शिवाय दोन छोट्या पिशव्या असतात. नलिकांमध्ये द्रव असतो. डोके वळले की तो द्रव मागे रेंगाळतो, त्यामुळे संवेदक केशपेशींवरचे तंतू वाकतात आणि मेंदूला वार्ता जाते. डोके किती कलले आहे आणि शरीर कोणत्या दिशेने सरकते आहे, हे पिशव्या सांगतात. या वार्तेवर डोळ्यांची एक प्रतिक्षिप्त क्रिया अवलंबून असते. डोके उजवीकडे गेले की डोळे तेवढेच डावीकडे जातात, तेही सुमारे दहा मिलिसेकंदांत. म्हणूनच चालता चालता आपण दुकानाची पाटी वाचू शकतो. केवळ नजरेच्या भरवशावर डोळे स्थिर ठेवायचे, तर त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि तोवर दृश्य निसटलेले असते.

या केशपेशींचा घात करणाऱ्या औषधांचा एक वर्ग आहे : अमायनोग्लायकोसाइड. त्यातले पहिले औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. 1943 मध्ये न्यू जर्सीतील रट्गर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ यांनी ते शोधले. क्षयरोगावरचे हे पहिले परिणामकारक प्रतिजैविक. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातही साठच्या दशकात त्याचे उत्पादन होऊ लागले. क्षयाने खंगलेल्या किती घरांना या इंजेक्शनांनी हात दिला, हे जुन्या पिढीला सांगायला नको. पण अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हिन्शॉ आणि फेल्डमन यांना अगदी सुरुवातीच्या रुग्णांमध्येच तोल बिघडल्याचे आढळले होते. जेंटामायसिन 1963 मध्ये उजेडात आले. या वर्गातली औषधे सगळी सारखी नाहीत : स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन प्रामुख्याने तोल बिघडवतात, तर अमिकासिन, कॅनामायसिन आणि निओमायसिन ऐकण्याच्या शक्तीवर अधिक घाला घालतात.

या अवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन एका डॉक्टरनेच केले आहे. गुडघ्याच्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्या या गृहस्थाने 1952 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फक्त आद्याक्षरे देऊन आपला अनुभव लिहिला. अंथरुणात वाचताना नाडीच्या ठोक्यानेही अक्षरे हलत. म्हणून पलंगाच्या उशाकडील लोखंडी गजांमध्ये डोके टेकवून ते वाचत. रस्त्यात समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखायचा, तर त्यांना थांबावे लागे. हे वाचले तेव्हा मला मोठा धीर आला. माझ्याबद्दल गावात एव्हाना बोलले जाऊ लागले होते, की आजारपणानंतर ही बाई शिष्ट झाली, रस्त्यात समोर आली तरी ओळख दाखवत नाही. एका नणंदेने तर वर्षभर अबोला धरला होता. मला चेहराच दिसत नाही, हे सांगायचे कसे?

डॉक्टरांनाही ते सांगता येत नव्हते. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे मी तीनदा गेले. ‘चक्कर येते का?’ या प्रश्नाला मी दर वेळी ‘नाही’ म्हणाले. उत्तर खरे होते. प्रश्न अपुरा होता. एकाच कानाची तोलाची यंत्रणा अचानक बंद पडली, तर दोन्हीकडच्या वार्तेत तफावत पडते आणि जग गरगरते. इथे औषध रक्तातून दोन्ही कानांत पोहोचते. दोन्ही पारडी सारखीच रिकामी होतात, त्यामुळे गरगरणे बहुधा नसतेच. शिवाय रुग्ण तेव्हा अंथरुणात असतो. तो चालू लागतो तोवर इंजेक्शने संपलेली असतात, आणि अडखळण्याचे खापर अशक्तपणावर फुटते. कधी कधी तर हानी औषध थांबल्यानंतरही वाढत राहते.

निदानासाठी मोठ्या यंत्राची गरज असतेच असे नाही. डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता आधी डोके स्थिर ठेवून वाचायला सांगायचा, मग कोणीतरी डोके हलक्या हाताने डावीउजवीकडे हलवत असताना. दोनपेक्षा जास्त ओळी गमावल्या, तर संशय घ्यावा. हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी 1988 मध्ये वर्णन केलेली, डोक्याला छोटासा झटका देऊन डोळे पाहण्याची चाचणीही खाटेशेजारी उभे राहून करता येते. माझे निदान अखेर दुसऱ्या शहरातील एका कानतज्ज्ञांनी पाच मिनिटांत केले, तेव्हा शस्त्रक्रियेला अकरा महिने झाले होते.

हे भरून का येत नाही? हीच औषधे मूत्रपिंडालाही इजा करतात. पण तिथल्या पेशी पुन्हा तयार होत असल्याने ती बहुधा भरून निघते. केशपेशींचे तसे नाही. औषध त्यांच्यात शिरते, दीर्घकाळ साचून राहते आणि पेशीचे ऊर्जाकेंद्र बिघडवते. पक्ष्यांमध्ये आणि माशांमध्ये या पेशी नव्याने उगवतात. माणसात मात्र उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात उगवत नाहीत.

उरतो तो मेंदू, आणि तो बराच शिकतो. तोलासाठी तो कान, डोळे आणि तळपाय-सांधे अशा तीन वाटांनी माहिती घेतो. एक वाट बंद झाली की उरलेल्या दोघींवर भार टाकायला त्याला शिकवावे लागते. चाळीसच्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी यासाठी व्यायाम बसवले. आजच्या पद्धतींचा पाया तिथे आहे. माझा रोजचा व्यायाम साधा आहे : दिनदर्शिकेवरच्या एका आकड्यावर नजर रोवून डोके डावीउजवीकडे, मग वरखाली हलवायचे, आकडा स्पष्ट दिसेल इतक्याच वेगाने. आधी बसून, मग उभ्याने, मग घडी केलेल्या गोधडीवर उभे राहून. पाठीशी भिंतीचा कोपरा आणि पुढ्यात खुर्ची ठेवून. प्रगती महिन्यांच्या मापाने होते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या मात्र इथे कामाच्या नाहीत. त्या दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या या शिकण्यातच अडथळा येतो. अर्थात चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवावी.

बाकीचे सारे घरगुती शहाणपण. रात्रभर एक मंद दिवा. वीज गेली की असू तिथे खाली बसणे. न्हाणीघरात तोंडाला साबण लावताना एक हात भिंतीवर. काठी बाळगायची, कारण तिच्यातून हाताला जमिनीची खबर मिळते. विहिरीत पोहणे मी सोडले, आणि ते फार जिवावर आले. पण पाण्याखाली पायांना आधार नसतो आणि गढूळ पाण्यात नजरही चालत नाही, तेव्हा वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. चालताना गप्पा मारत नाही. इतरांचा तोल आपोआप सांभाळला जातो. मला तो लक्ष देऊन सांभाळावा लागतो, म्हणून संध्याकाळी थकवा जास्त. आणि नणंदेसकट सगळ्यांना आता सांगून ठेवले आहे : दिसले की आधी हाक मारा.

मग ही औषधे बंदच करावीत का? मला तसे वाटत नाही. ती स्वस्त आहेत, आणि रक्तात पसरलेल्या गंभीर संसर्गात, विशेषतः नवजात बाळांमध्ये, आजही प्राण वाचवतात. जिथे चांगला पर्याय सापडला तिथे बदल झालाही आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील उपचारांत कितीतरी रुग्ण कॅनामायसिनने बहिरे झाले. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपचारांतून ते वगळण्याची शिफारस केली आणि पोटात घ्यायच्या औषधांवर भर दिला. मुंबईसारख्या, या क्षयाचा भार वाहणाऱ्या शहरासाठी ही छोटी गोष्ट नव्हे.

तरीही काही गोष्टी आपल्या हाती राहतात. मूत्रपिंडाचा विकार असेल, आधीच कमी ऐकू येत असेल, किंवा आईकडच्या नात्यात इंजेक्शनांनंतर कोणी बहिरे झाले असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. ही शेवटची बाब महत्त्वाची, कारण श्रवणहानीचा धोका वाढवणारा एक जनुकीय दोष आईकडूनच येतो. इंजेक्शने किती दिवस चालणार, हे नातेवाइकांनी विचारावे. कानात आवाज, चालताना झोक, हलणारी अक्षरे यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी सांगावे. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. माझे निदान त्यावरच्या एका ओळीमुळे झाले. आणि दुष्परिणामाची नोंद करावी. 2010 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. 1800-180-3024 हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे. माझी नोंद मी उशिरा का होईना केली. तिने माझा तोल परत येणार नाही. पण मोजदादीत एक आकडा वाढला, आणि पुढच्या रुग्णाला प्रश्न विचारताना कोणी ‘चक्कर येते का’ एवढ्यावर थांबणार नाही, अशी आशा ठेवायला जागा झाली.