एप्रिलचा वाफसा

ऑक्टोबर निम्मा सरला की मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गल्लीत घरोघरी पानं ओढण्याची खरखर सुरू होते. मेपलचा लाल-पिवळा सडा मोठमोठ्या कागदी पिशव्यांत भरला जातो आणि त्या पिशव्या रस्त्याच्या कडेला रांगेनं उभ्या राहतात. एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, टोमॅटोची झाडं सकाळी काळवंडलेली दिसतात आणि परसातलं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. माझ्या लेखी भाजीच्या वाफ्याचं नवं वर्ष याच आठवड्यात सुरू होतं.

इथले वाफे लाकडी चौकटीतले. आपल्याकडे मिरची-कांद्याच्या रोपांसाठी गादीवाफा करतात, त्याचाच हा फळ्यांत बसवलेला प्रकार. माझे वाफे ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि फूटभर उंच आहेत. रुंदी ४ फुटांच्या पुढे नेत नाहीत, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आत पाय ठेवायचाच नाही. पाय पडला की मातीतल्या पोकळ्या दबतात. हवा आणि पाणी राहतं ते त्या पोकळ्यांत.

या साऱ्या खटाटोपामागचं कारण शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेल्या एका शब्दात आहे: वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारताच तो फुटावा, इतपतच ओल. बर्फ वितळल्यावर इथली सपाट जमीन कितीतरी दिवस चिखल असते. ओली माती तापतेही उशिरा, कारण कोरड्या मातीपेक्षा पाण्याला तापायला खूप जास्त उष्णता लागते आणि वाफ होऊन उडताना ते आणखी उष्णता घेऊन जातं. उंच वाफ्यातलं पाणी लवकर निथळतं, म्हणून वाफसा तिथे आधी येतो. पण एप्रिलच्या दोन पावसांमधला तो वाफसा चार-सहा दिवसांचा. ते दिवस पेरणीचे असतात. खणण्यात आणि खत मिसळण्यात घालवले, तर पुढचा पाऊस येऊन ठेपतो.

शिवाय वसंतात घातलेलं खत कुजायला वेळ कुठला? वाळक्या पानांत नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण ४० ते ८० भाग असतात. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला २५-३० भाग मानवतात. अशी पानं एप्रिलमध्ये मातीत मिसळली तर कमी पडणारं नत्र सूक्ष्मजीव मातीतूनच उचलतात आणि कोवळी रोपं पिवळी पडतात. तीच पानं ऑक्टोबरात पसरली, त्यांत गवताची हिरवी कात्रणं किंवा जुनं शेणखत मिसळलं, तर ही ओढाताण रिकाम्या वाफ्यातच उरकते. थंडीत हे काम मंदावतं, पण थांबत नाही. माती गोठल्यावरही तिच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा द्रवरूपात टिकतो आणि त्यात जिवाणू तग धरून असतात. वरचा ताजा बर्फ म्हणजे बहुतांशी हवाच. तो गोधडीसारखा मातीची ऊब धरून ठेवतो.

कोकणातला शेतकरी पावसाआधी भाताच्या रोपवाटिकेत पाला, कवळं, शेण पसरून राब भाजतो. आगीनं तणाचं बी मरतं आणि राख मागे राहते, पण पानांतलं बरंचसं नत्र धुराबरोबर जातं. इथे आगीचं काम काळावर सोपवता येतं, कारण हातात सहा महिने असतात.

पहिल्या वर्षी मी मेपलची पानं अख्खी टाकली होती. मार्चमध्ये उचलून पाहिलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखा एकच थर, त्यातून ना हवा जात होती ना पाणी, आणि खाली थंडगार, आंबूस वासाची माती. आता पानांवरून गवत कापायचं यंत्र दोनदा फिरवतो, मगच पसरतो. करपा आलेल्या टोमॅटोचा पाला मात्र बाहेर काढतो, कारण लवकर येणाऱ्या करप्याची बुरशी त्यावर हिवाळा काढते. घेवड्याची झाडं मी उपटत नाही, जमिनीलगत कापतो. मुळं जागेवर कुजतात आणि त्यांच्या वाटा मोकळ्या राहतात.

पानं खाली नेण्याचं काम गांडुळांचं. चार्ल्स डार्विननं १८८१मध्ये गांडुळांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. कागदाचे त्रिकोण कापून त्यानं पाहिलं, की गांडुळं ते बहुतेक वेळा टोकाकडून धरून बिळात ओढतात. म्हणजे कोणत्या बाजूनं ओढलं तर अडणार नाही, याचा अंदाज त्यांना असतो. पण हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनंतर इथल्या जमिनीत मूळची गांडुळं उरली नव्हती. आज दिसणारी बाहेरून आलेली आहेत. त्यांतली आशियातून आलेली उड्या मारणारी जात पाचोळ्याचा थर फस्त करते आणि मागे कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ माती ठेवते. या जातीची मोठी गांडुळं थंडीत मरतात, त्यांच्या अंड्यांचे कोष मात्र तगतात. म्हणून शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेलं खतही मी विचारपूस केल्याशिवाय घेत नाही.

लसूण मात्र ऑक्टोबरातच लावायचा. त्याला थंडीचे काही आठवडे मिळाले नाहीत तर गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत, एकच गोल गाठ तयार होते. पाकळी ५ सेंटिमीटर खोल खोचायची आणि जमीन गार पडली की वर पेंढ्याचा जाड थर द्यायचा. हा पेंढा उबेसाठी असतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं काम वेगळंच आहे: गोठणाऱ्या मातीनं पाकळी वर ढकलू नये, हे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे माती वर उचलली जाते, अशी जुनी समजूत होती. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकानं १९२९ आणि १९३०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातीत पाण्याऐवजी बेंझीन वापरलं. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती उचलली गेली! टेबरनं दाखवलं, की गोठणारा थर खालच्या न गोठलेल्या मातीतून द्रव वर ओढत राहतो आणि त्यातून भिंगासारखे थर वाढत जातात. पाण्याच्या बाबतीत ते थर बर्फाचे. दिवसा वितळलं, रात्री गोठलं, असं वारंवार झालं की लसणाची पाकळी हळूहळू वर ढकलली जाते आणि एक दिवस उघडी पडते. न्यू इंग्लंडच्या शेतांत दर वसंतात नवे दगड वर येतात तेही याच रेट्यानं. पेंढा मातीला एकसारखं गार ठेवतो. उंच वाफ्याला त्याची गरज अधिक, कारण त्याला चारही बाजूंनी गारठा लागतो.

लवकर रिकाम्या झालेल्या वाफ्यात मी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ओट पेरतो. उघड्या मातीतलं नायट्रेट पावसाबरोबर खाली वाहून जातं. ओटची मुळं ते उचलून धरतात. कडाक्यात ओट मरून आडवे होतात आणि त्यांचंच आच्छादन बनतं. चुनखडीची भुकटीही आत्ताच घालायची, पण मातीची तपासणी करून, कारण आम्लता उतरायला तिला काही महिने लागतात. वाफा रिकामा आहे तोवर फळ्याही पाहून घ्याव्यात. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं लाकूड अमेरिकेत घरगुती वापरातून २००३च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. त्याआधीच्या, कुठून आल्या ते माहीत नसलेल्या हिरवट फळ्या भाजीजवळ ठेवायला माझं मन धजत नाही.

मग थेट एप्रिल. तिसऱ्या सोमवारी इथे पेट्रियट्स डेची सुट्टी असते आणि मटार पेरायचा तो परंपरेचा दिवस. पेंढा बाजूला केला की लसणाचे हिरवे कोंब बोटभर वर आलेले दिसतात. शेजारच्या वाफ्यातल्या पानांचा आता काळसर भुगा झालेला असतो. कुदळीची गरज पडत नाही. बोटानं पेरभर भोक पाडायचं, मटार टाकायचा, माती सारायची. उरलेल्या कडेला मेथी. आपल्याकडची ही हिवाळी भाजी इथे एप्रिल-मेची होते. मूठभर माती उचलून दाबतो, गोळा होतो, आणि टिचकीनं फुटतो.