अस्थिक्षयाची चिकित्सा आणि अस्थिघनतेचा अहवाल

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीतील निवृत्त कर्मचारी असो, वा कोकरी आगारच्या गल्लीत दिवसभर शिलाईयंत्रावर बसणारी गृहिणी असो, पन्नाशी ओलांडलेला रुग्ण आताशा वैद्याकडे येताना अस्थिघनतेचा अहवाल सोबत आणतो. पहिला अहवाल शीवच्या केंद्रातला, वर्षभराने काढलेला दुसरा दादरचा वा परळचा. ज्या वेळी जेथे सवलत मिळाली तेथला. दोन्ही कागद मेजावर ठेवून विचारणा एकच असते, औषधाचा गुण आला का? या प्रश्नास उत्तर देण्याची घाई आपल्यापैकी अनेकजण करतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शास्त्रपक्ष वाचकांस नव्याने सांगावयास नको. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान. पण इतर धातूंना लागू पडणारा नियम येथे उलटतो आणि वात वाढला की अस्थी क्षीण होते. म्हणूनच तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेले क्षीरबस्ती, लाक्षा गुग्गुळ, कांडवेल, प्रवाळ, मुक्ताशुक्ती यांची योजना आपण करतो. केस, नखे, दात व सांधे यांवरून अस्थिक्षय ओळखण्याची दृष्टीही ग्रंथांनी दिली आहे. मात्र या लक्षणांवरून हाडातील खनिजाचे माप कळत नाही, आणि डेक्सा यंत्रास रुग्णाचा अग्नी, बल वा वेदना कळत नाही. दोहोंची नोंद स्वतंत्र ठेवावी. एकीवरून दुसरीचा दावा करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये टी-स्कोअरची वर्गवारी दिली. उणे १ व त्यावर प्राकृत, उणे २.५ व त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, मधली अवस्था ऑस्टिओपेनिया. ही वर्गवारी निदानासाठी आहे, आणि तीही रजोनिवृत्त स्त्रिया व पन्नाशीपुढील पुरुष यांच्यापुरती. उपचाराचा मागोवा घेताना टी-स्कोअर बाजूला ठेवून ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर या परिमाणातील मूळ आकडा पाहावा लागतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे अंशांकन सारखे नसते. सबब शीवचा एक आणि दादरचा एक अशा दोन अहवालांची वजाबाकी करून काहीच निष्पन्न होत नाही.

यंत्र तेच असले तरी प्रश्न संपत नाही. रुग्णास पुन्हा झोपविताना होणाऱ्या सूक्ष्म फरकानेही आकडा हलतो. इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री या संस्थेने तंत्रज्ञाकडून जी किमान अचूकता अपेक्षिली आहे, तिच्यानुसार कटिकशेरुकांच्या घनतेत सुमारे ५.३ टक्के आणि संपूर्ण खुब्याच्या घनतेत सुमारे ५ टक्के बदल झाल्याखेरीज तो बदल खरा मानता येत नाही. उत्तम केंद्राची स्वतःची मर्यादा याहून कमी असते; ती विचारून घ्यावी. उदाहरणादाखल, कण्याचा आकडा ०.८१२ वरून ०.८३६ वर गेला तर वाढ जेमतेम तीन टक्के झाली. ही वाढ बस्तीच्या नावे जमा करता येणार नाही. तितकीच घट दिसली तर औषध फसले असेही म्हणता येणार नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करविणे हा रुग्णाच्या पैशाचा अपव्यय होय. सर्वसाधारणपणे एक ते दोन वर्षांनी, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर ती करावी.

खरा बदल दिसला तरी श्रेय कोणाचे हे तपासलेच पाहिजे. वृद्धांच्या कण्यातील अस्थिकंटक घनतेचा आकडा फुगवितात. अशा वेळी खुब्याचा आकडा अधिक विश्वासार्ह. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाड मृदू झाले असेल, तर तो अभाव दूर होताच घनता झपाट्याने वाढते. सूर्यप्रकाशाच्या या देशात हा अभाव सर्रास आढळतो, आणि बंद काचेतून आत आलेले ऊन ते जीवनसत्त्व घडवीत नाही. पूर्वी बिस्फॉस्फोनेट घेतलेल्या रुग्णाच्या हाडांत ते औषध वर्षानुवर्षे राहते. तेव्हा चिकित्सेच्या आरंभीच ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन व थायरॉइड यांच्या तपासण्या आणि आधीच्या औषधांची यादी नोंदवावी. तपासणीपूर्वी २४ तास कॅल्शियमच्या गोळ्या बंद ठेवतात. न विरघळलेली गोळी कण्यासमोर येऊन आकडा बिघडवू शकते. शंख, कपर्दिक, प्रवाळ यांच्या वट्यांनाही हाच नियम लावावा, कारण त्यांतही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटच असते.

आता सर्वांत गंभीर बाब. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी टोचावयाचे औषध घेणारे रुग्णही आपल्याकडे येतात. आयुर्वेदीय औषध सुरू झाले म्हणून पुढची मात्रा टाळली, तर हाडांची झीज उसळून वाढते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. हे औषध संबंधित तज्ज्ञाशी बोलल्याविना थांबवू देऊ नये. तसेच किरकोळ पडण्याने खुबा वा मणका मोडला असेल, तर टी-स्कोअर उणे दोन असला तरी तो ऑस्टिओपोरोसिसच समजावा. तरुणपणीच्या उंचीत चार सेंटिमीटर वा अधिक घट झाली असेल तर कण्याची क्ष-किरण तपासणी करवावी. भिंतीवरची उंचीची पट्टी फार थोड्या चिकित्सालयांत दिसते. वस्तुतः तिचा खर्च काहीच नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही दोन शब्द. दुकानासमोर शिबिर भरवून टाचेची ध्वनिलहरींनी होणारी तपासणी करतात आणि लागलीच कॅल्शियमचा डबा हाती ठेवतात. टाचेची ही तपासणी फार तर चाळणी होय. तिच्यातील टी-स्कोअरला वरील वर्गवारी लागू होत नाही, व उपचाराचा मागोवा तिच्यावरून घेता येत नाही. शिबिरात कमी आकडा निघालेल्या गिऱ्हाइकास आधी डेक्साची चिठ्ठी घेण्यासाठी चिकित्सकाकडे पाठवावे; डबा नंतरही विकता येईल.