दुर्बिणीच्या नेत्रभिंगांची पेटी

दुर्बीण म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तिची लांब नळीच उभी राहते. परंतु नळींतील आरसा किंवा मोठें भिंग ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणण्याचेंच काम करितें. त्या प्रकाशाची जी लहानशी प्रतिमा बनते, ती मोठी करून दाखविण्याचें काम डोळ्याशीं लावावयाच्या छोट्या भिंगाचें आहे. यास नेत्रभिंग म्हणतात. ज्या सहा इंची आरशाचें नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे, त्याच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरचें नेत्रभिंग लाविलें असतां प्रतिमा ४८ पट दिसते. १० मिलिमीटरचें लाविलें असतां तीच १२० पट होते. शनीचें कडें पहिल्यानेंहि दिसतें. पण ग्रह आणि कडें यांमधील काळी फट नीट न्याहाळावयाची तर दुसरेंच हवें. शाळेच्या दुर्बिणीजवळ अशीं दोनतीन नेत्रभिंगें, एखादें बार्लो भिंग व चंद्राचा झगझगाट कमी करणारी कांच एवढा परिवार असतोच. या वस्तु मुठींत मावणाऱ्या. म्हणूनच त्या हरवतात, पडतात, आणि कपाटाच्या कोपऱ्यांत बुरशीला बळी पडतात. वर्गणी गोळा करून घेतलेली दुर्बीण एका लहान भिंगावांचून वर्षभर आंधळी होऊन बसते.

पूर्वीचे यंत्रकार अशा साहित्यासाठीं महोगनीची पेटी देत. तींत ज्या त्या वस्तूच्या आकाराची खांच असे व तीस मखमल लाविलेली असे. तेंच काम आतां फोमनें थोडक्या खर्चांत घरच्या घरीं करितां येतें. पेटी कोणतीहि चालेल. मात्र तिचें झांकण घट्ट बसावें, कडेला रबराची पट्टी असल्यास फारच उत्तम.

फोम निवडतांना मात्र घाई करूं नये. गादीवाल्याकडे मिळणारा मऊ फोम पॉलियुरेथेनचा असतो. या जातीच्या पदार्थाचा शोध ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं जर्मनींत लाविला. हा फोम कापावयास सोपा, परंतु स्पंजाप्रमाणें पाणी शोषतो. शिवाय उष्ण व दमट हवेंत कांहीं वर्षांनीं त्याचें विघटन होऊन तो चिकट बनतो व त्याचा भुगा पडूं लागतो. तो भुगा भिंगावर बसला म्हणजे ज्याच्या रक्षणासाठीं खटपट केली त्याचाच घात झाला. यंत्रांच्या खोक्यांत घालतात तो पॉलिएथिलीनचा फोम अधिक ताठ असतो; त्यांतील हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असल्यामुळें पाणी आंत मुरत नाहीं. कापण्यास थोडा त्रास पडला तरी आमच्या मतें कोंकणासारख्या प्रदेशांत हाच घ्यावा.

प्रथम पेटीच्या तळाएवढा कागद घेऊन त्यावर सर्व वस्तु मांडाव्या. दोन खांचांमध्यें निदान दोन बोटें जागा सोडावी, नाहींतर मधली भिंत वांकते व भिंगें एकमेकांवर आदळतात. जड वस्तु मध्यभागीं ठेवावी, म्हणजे मुठीनें उचलतांना पेटी कलत नाहीं. नेत्रभिंगें उभीं ठेविल्यास जागा वांचते. पुष्कळ नेत्रभिंगांची नळी सव्वा इंच, म्हणजे सुमारें ३१·७ मिलिमीटर व्यासाची असते. पण डोळ्याकडील भाग याहून रुंद असूं शकतो, याकरितां झांकणें लावूनच मापें घ्यावीं. भोंक मापाहून दोनतीन मिलिमीटर लहान पाडावें. फोम दबून वस्तूस घट्ट धरतो.

कापण्यास नवें, लांब व पातळ पातें घ्यावें आणि तें करवतीसारखें हलक्या हातानें ओढावें. जोरानें दाबलें तर फोम खालीं चेपतो व भोंक तळाशीं वांकडें होतें. गोल भोंकासाठीं पातळ धातूच्या नळीची कड कानशीनें धारदार करून ती फिरवीत फिरवीत आंत उतरवावी. तापलेल्या तारेनें कापण्याचा मोह कित्येकांस होतो. पॉलियुरेथेन जळतांना विषारी वायु निघतात, म्हणून तो टाळावा. भोंकें आरपार पाडलेल्या थराखालीं न कापलेला दुसरा थर चिकटवावा, व डिंकाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी कांहीं दिवस उघडीच ठेवावी. प्रत्येक भोंकाच्या कडेस बोट शिरेल एवढी चीर ठेविल्यास वस्तु उचलणें सोपें जातें.

वरचा थर काळा असेल तर खालचा पांढरा किंवा पिवळा असावा. रिकामें भोंक लगेच डोळ्यांत भरतें, आणि मैदानावरून निघण्यापूर्वींच कोणती वस्तु राहिली तें कळतें. निळा रंग मात्र नको. आकाशनिरीक्षणाच्या वेळीं वापरतात त्या तांबड्या प्रकाशांत निळें काळेंच दिसतें.

आतां बुरशीविषयीं. पावसाळ्यांत दमट हवेंत भिंगावर बुरशीचे तंतु पसरतात, व त्यांच्यापासून निघणारीं आम्लें कांचेवरील पातळ लेपास खातात. असा डाग पुसून जात नाहीं. म्हणून एका खांचेंत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. रंग बदलणारें जेल घेतल्यास तें ओलें झाल्याचें कळतें: नारिंगी असेल तें हिरवें होतें. मग सुमारें ११० अंश सेल्सिअसवर कांहीं तास तापविलें कीं तें पुन्हां कामास येतें. पण ओल आंत कोंडून बंद केलेली पेटी उघड्या फळीपेक्षांहि वाईट. थंडीच्या रात्रीं भिंगांवर दंव पडलें असेल तर तीं कापडानें घासूं नयेत, तशींच पेटींतहि ठेवूं नयेत. घरांत स्वच्छ जागीं झांकणें काढून ठेवावीं, दंव आपोआप उडून जाऊं द्यावें, आणि कांच अगदीं कोरडी दिसल्यावरच झांकणें लावून पेटी मिटावी.