पाटा काढण्याआधी भार ठेवून बघा

जुन्या ॲम्बेसेडरची रुग्णवाहिका किंवा शववाहिका हौसेने पुन्हा उभी केली, रंग चढला, क्रोम चमकले, की मालकाच्या डोळ्यांत पहिली खुपते ती तिची उचललेली मागची बाजू. सल्ला लगेच मिळतो : ‘मागचा एक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) काढून टाका, गाडी बसेल.’ गाडी बसते, फोटोत देखणीही दिसते. पण ज्या कामासाठी ती बांधली होती, ते तिला आता झेपत नाही. अशा गाडीची उंची रिकामी असताना ठरवायचीच नसते.

साध्या मोटारीत पुढची माणसे दोन्ही ॲक्सलच्या मध्ये बसतात. रुग्णवाहिकेत स्ट्रेचर, त्यावरचा माणूस, सोबतचे नातेवाईक आणि ऑक्सिजनचे सिलिंडर, असा बहुतेक भार मागच्या ॲक्सलवर येतो. शववाहिकेत खांदेकरीही मागेच चढतात. म्हणून बांधणारा मागच्या पाट्यांची कमान मुद्दाम चढती ठेवतो. भार आला की ती उतरते आणि गाडी सपाट होते. पाटा कमी केला, तर भार आल्यावर शेपूट जमिनीकडे झुकते, हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात आणि गतिरोधकावर मागचा भाग घासतो. भारतीय रस्ते मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लोगल्लीचे गतिरोधक हे माप कुठे पाळतात?

गचका आणि हेलकावा

स्प्रिंग भाराखाली किती दबते, त्यावर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होणार हे ठरते. सुमारे २५ सेंटिमीटर दबली, तर सेकंदाला एक हेलकावा. सहाच सेंटिमीटर दबली, तर दोन. उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे माणसाला सर्वाधिक त्रास देतात. उलट फार संथ, दोन-चार सेकंदांना एक असा हेलकावा मळमळ आणतो. चांगली रुग्णवाहिका या दोहोंच्या मधली वाट काढते. मालवाहू गाडीवर बांधलेली रुग्णवाहिका गचके देते ती याचमुळे. तिचे पाटे टनभर मालासाठी असतात आणि आत माणूस एकच, त्यामुळे ते पुरेसे दबतच नाहीत.

सोलापूरकरांना हे समजायला पुस्तक नको. मंगळवेढ्याच्या ज्या काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी पिकते, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. वरचा डांबरी रस्ता मग खड्डा नसतानाही लाटांसारखा होतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. लाटांमधले अंतर तेवढेच असेल, तर मऊ स्प्रिंगच्या गाडीला नेमका तिच्याच तालाचा धक्का मिळतो आणि ती झुलू लागते. तिथे झुलणे आवरतो तो शॉकॲब्सॉर्बर. गळका शॉकॲब्सॉर्बर तसाच ठेवून नुसते पाटे बदलण्यात अर्थ नाही.

शववाहिकेची गरज थोडी वेगळी. ती अंत्ययात्रेबरोबर पावलापावलाने चालते, त्यामुळे गचक्यांपेक्षा तिरडी खांद्यावरून आत सरकवण्याची उंची महत्त्वाची. लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत नेण्याची रीत आहे. तिथे भाराचा मध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलते. अशा वेळी पाटे फार मऊ करून चालत नाही.

बाहेरच्यांनी काय केले

नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद लारी यांनी जखमींसाठी घोडागाड्या बनवल्या, त्यांनाही स्प्रिंगा होत्या. अमेरिकेत कॅडिलॅकने शववाहिका आणि रुग्णवाहिकांसाठी वेगळी चेसिसच दिली. १९५९ मध्ये तिच्या दोन ॲक्सलमधले अंतर १५६ इंच होते, नेहमीच्या सेडानचे १३०. अंतर वाढले की झोपलेला माणूस मागच्या ॲक्सलच्या पुढे येतो, आणि गाडीचे हादरे मधल्या भागातच सर्वात कमी असतात. १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटातली पांढरी गाडी याच घराण्यातली. फ्रान्सच्या सित्रोएनने १९५५ मध्ये डीएस मोटारीत तेल आणि वायूच्या दाबावरची यंत्रणा आणली. तीत भार कितीही असो, गाडी आपली उंची आपणच राखते.

ॲम्बेसेडरकडे असले काही नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या या गाडीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी पोलादी सळई, आणि मागे पाटे. सळईचे बसवण्याचे टोक थोडे फिरवले, की पुढची उंची बदलते, कडकपणा तोच राहतो. पाटा काढला, तर उंचीबरोबर ताकदही जाते आणि उरलेल्या पाट्यांवर ताण येऊन ते तुटतात. जाड पाटा घातला, तर कडकपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. दुप्पट जाडीचा पाटा आठपट कडक.

त्यामुळे योग्य क्रम असा. स्ट्रेचरच्या जागी दीड-दोनशे किलो वाळूची पोती ठेवा, टाकी भरा, गाडी चार वेळा दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. गाडी सपाट उभी राहिली, तर हात लावू नका. मागे बसली असेल, तर पाटे भट्टीत तापवून नवी कमान द्या आणि नीट पाणी चढवून घ्या. पाट्यांमधला गंज काढून ग्रीस भरा, कारण गंजाने चिकटलेले पाटे लहान खड्डे झेलतच नाहीत. बुश आणि शॅकल बदला.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण ते मूळ स्वरूपात हवे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. शोभेसाठी गाडी खाली बसवायला पाट्यांवरून चेसिसपर्यंत कापाकापी गेली, तर ही नोंदणीही हातची जाऊ शकते.