घरगुती वीजजोडणीचा मंजूर भार

मंजूर भार म्हणजे वीज वितरण कंपनीने एखाद्या ग्राहकाला एका वेळी जास्तीत जास्त जितकी वीजशक्ती वापरण्यास मान्यता दिलेली असते ती मर्यादा होय. ही मर्यादा किलोवॅटमध्ये सांगितली जाते व वीजबिलावर छापलेली असते. खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या वाहिनीची जाडी, मीटरची क्षमता, मुख्य स्विचचा आकार आणि पुरवठा सिंगल फेज असावा की थ्री फेज, हे सर्व याच आकड्याशी निगडित असते. वातानुकूलन यंत्रे, गिझर, इंडक्शन शेगडी आणि विजेवर चालणारी मोटार ही उपकरणे एकाच घरात आली, की पूर्वी मंजूर झालेला दोन-तीन किलोवॅटचा भार अपुरा पडतो व तो नव्याने ठरवावा लागतो.

जोडलेला भार आणि कमाल मागणी

घरातील सर्व उपकरणांच्या पाट्यांवर लिहिलेल्या वॅटची बेरीज म्हणजे जोडलेला भार. प्रत्यक्षात ही सर्व उपकरणे एका वेळी कधीच चालत नाहीत. दिवसाच्या ज्या थोड्या वेळात सर्वाधिक वीज ओढली जाते, त्या वेळची मागणी ही कमाल मागणी होय. कमाल मागणी भागिले जोडलेला भार या गुणोत्तरास मागणी गुणक म्हणतात.

मासिक युनिटांवरून भाराचा अंदाज बांधण्याची पद्धत सर्रास आढळते, परंतु ती दिशाभूल करणारी आहे. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराची सरासरी मागणी सुमारे ०.४ किलोवॅट इतकीच निघते. त्याच घरात सकाळी दोन गिझर व शेगडी एकदम चालू झाल्यास ती ६ किलोवॅटवर जाते. युनिट ही वापरलेल्या ऊर्जेची मोजणी आहे, तर तारा व स्विच तापतात ते त्या क्षणी वाहणाऱ्या प्रवाहामुळे.

गणनेचे उदाहरण

एका बंगल्यात दीड टनाची चार वातानुकूलन यंत्रे (प्रत्येकी सुमारे १.६ किलोवॅट), २ किलोवॅटचे दोन साठवण गिझर, ३ किलोवॅटचा एक तत्काळ गिझर, २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी, १ अश्वशक्तीचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र, मायक्रोवेव्ह, इस्त्री, फ्रीज, दिवे-पंखे आणि मोटारीसाठी ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर आहे असे मानू. २३० व्होल्टला हा चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट घेतो. सर्वांची बेरीज २९ किलोवॅटच्या आसपास जाते.

एवढा भार मागणे अनावश्यक आहे. त्याऐवजी वर्षातील सर्वांत जड तास शोधावा लागतो. हिवाळ्यातील सकाळी तिन्ही गिझर, शेगडी, पंप, इस्त्री, फ्रीज व दिवे मिळून सुमारे ११.६ किलोवॅट होतात. वातानुकूलन त्या वेळी बंद असते. मे महिन्यातील रात्री चारही वातानुकूलन यंत्रे, मोटारीचा चार्जर, फ्रीज आणि दिवे-पंखे मिळून सुमारे १४.६ किलोवॅट होतात. गिझर बंद असतात. येथे निर्णायक ठरते ती उन्हाळ्यातील रात्र. मागणी गुणक जवळपास ०.५ येतो, आणि भविष्यातील वाढीसाठी थोडी जागा ठेवून १६ ते १८ किलोवॅटचा थ्री फेज भार पुरेसा होतो.

चार्जरचा प्रवाह १६ अँपिअरवर आणल्यास चित्र पालटते. तो सुमारे ३.७ किलोवॅट घेतो, रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत सुमारे २९ युनिट देतो आणि रात्रीची मागणी ११ किलोवॅटच्या आत राहते. शहरातील रोजच्या ये-जा करण्यास इतकी वीज बहुधा जास्तच होते. भारवाढीचा अर्ज करण्यापूर्वी ही शक्यता तपासणे फायद्याचे असते. ती मात्र क्वचितच तपासली जाते.

फेजांमधील वाटणी

थ्री फेज जोडणीत एकूण किलोवॅट पुरेसे असूनही मुख्य एमसीबी वारंवार पडत असेल, तर त्याचे कारण अनेकदा असमान वाटणी हे असते. प्रत्येक फेजला ४० अँपिअर देणाऱ्या जोडणीची एकूण क्षमता सुमारे २७ किलोवॅट असते. परंतु वरील चार्जर एकाच फेजवरून ३२ अँपिअर ओढतो व त्या फेजवर फक्त ८ अँपिअर, म्हणजे १.८ किलोवॅट, उरतात. २ किलोवॅटचा गिझर त्याच फेजवर असल्यास तो चालू करताच मर्यादा ओलांडली जाते, मग उर्वरित दोन फेज मोकळे का असेनात. मोटारीत तशी सोय असल्यास ११ किलोवॅटचा थ्री फेज चार्जर प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच घेतो व प्रश्न सुटतो.

वितरण जाळ्याच्या दृष्टीनेही ही बाब महत्त्वाची आहे. १०० केव्हीए रोहित्राच्या कमी दाबाच्या बाजूस प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर उपलब्ध असतात. एकच चार्जर त्यातील एका फेजचा जवळपास चौथा हिस्सा घेतो.

तारा आणि न्यूट्रल

भार मंजूर झाला तरी घरातील जुन्या तारा तो पेलतीलच असे नाही. मीटरपासून ३० मीटर अंतरावरील चार्जरला ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची तार वापरल्यास ३२ अँपिअरला सुमारे ९ व्होल्टची घट होते आणि तारेतच पावणेतीनशे वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. १० चौरस मिलीमीटरच्या तारेत ही घट साडेतीन व्होल्टवर येते. चार्जर तासन्‌तास पूर्ण प्रवाहाने चालत असल्याने सैल जोड तेथे लवकर जळतात; काही मिनिटे चालणाऱ्या गिझरच्या बाबतीत हाच दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

थ्री फेज जोडणीतील सर्वांत घातक बिघाड म्हणजे न्यूट्रल तुटणे. अशा वेळी कमी भार असलेल्या फेजवरील उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो व ती जळतात. म्हणून न्यूट्रलमध्ये फ्यूज बसवत नाहीत, त्याचे जोड घट्ट ठेवतात आणि मुख्य पेटीत जादा दाबापासून संरक्षण देणारे साधन बसवणे हितावह ठरते. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आरसीसीबी वापरतात. तो अतिभार रोखत नाही. त्यासाठी एमसीबी लागतोच.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनुसार दोन तारांचा सिंगल फेज पुरवठा सर्वसाधारणपणे ४० अँपिअरपर्यंत दिला जातो, म्हणजे साधारण ९ किलोवॅट. त्यापुढे थ्री फेज घ्यावा लागतो. महावितरणच्या घरगुती दरात थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा अधिक असून १० किलोवॅटच्या वर प्रत्येक १० किलोवॅटला जादा आकार लागतो; त्यामुळे गरजेपेक्षा मोठा भार दरमहा महाग पडतो.

केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटरवर कमाल मागणी मंजूर भारापेक्षा आर्थिक वर्षात किमान तीनदा अधिक नोंदली गेली, तर अशा महिन्यांतील सर्वांत कमी मागणीवरून भार सुधारता येतो. २०२४ च्या दुरुस्तीने मोटार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा दिली. छतावरील १० किलोवॅटपर्यंतच्या सौर संचासाठी आवश्यक ती भारवाढ वितरण कंपनीनेच करावयाची असते. असा संच बिल कमी करतो. मे महिन्यातील रात्रीची कमाल मागणी मात्र त्याने घटत नाही.