खर्रर्र... टॉवर, परत सांगा!

आर्वीहून तास-दीड तासावर अमरावतीचं बेलोरा विमानतळ. एप्रिल २०२५ पासून तिथून मुंबईचं विमान उडतंय आणि एअर इंडियानं तिथंच वैमानिक प्रशिक्षण शाळा जाहीर केलीय. म्हणजे आपल्यातलं कुणीतरी उद्या छोट्या ट्रेनर विमानात हेडसेट लावून बसणार. आणि कानात टॉवरच्या आधी ऐकू येणार ती खरखर!

या विमानांचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो, तोही एएमवर. मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकताना शेजारून जुनी मोटरसायकल गेली की जे होतं, तेच इथं. सेसना १५२ घ्या. चार सिलिंडर, आठ स्पार्क प्लग, दोन मॅग्नेटो. २४०० आरपीएमला एकेक मॅग्नेटो सेकंदाला ८० वेळा ठिणगी पाडतो. वायरीचं शील्डिंग कुठं उसवलं की ती सगळी कानात.

मग चोर पकडायचा कसा? विमान जमिनीवर उभं करून, ऐकून. इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी चढते-उतरते? अल्टरनेटर क्षणभर बंद करा. थांबली तर तोच. टकटक असेल तर मॅग्नेटो आळीपाळीनं तपासा. ठरावीक वेळानं 'टिक्' होत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका, पंखावरचा लुकलुकणारा स्ट्रोब दिवा बघा. मला सगळ्यात भारी वाटली ती अँटेनाची युक्ती. रेडिओमागची अँटेनाची वायर काढून ऐकायचं (तेवढ्यात ट्रान्समिटचं बटण दाबायचं नाही!). आवाज गेला, तर तो अँटेनातून येत होता. राहिला, तर बहुधा विजेच्या वायरीतून. कित्येकदा निघतो काय, तर अर्थिंगचा गंजलेला नट.

नुसता स्क्वेल्च वाढवणं हा मात्र उपाय नाही. खरखर जाते, पण दूरच्या विमानाचा बारीक आवाजही जातो.

२७ मार्च १९७७, टेनेरिफ. धुक्यात टॉवर आणि पॅन अ‍ॅमचं विमान एकाच वेळी बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्या शब्दांवर शिट्टी चढली. ५८३ माणसं गेली. तिथं बिघाड वायरीचा नव्हता, पण काही सेकंद नीट ऐकू न येणं म्हणजे काय, ते कळतं.

वायरींत रमणाऱ्यांसाठी डीजीसीएच्या एएमई लायसन्समध्ये बी-२ ही एव्हिऑनिक्सची वेगळी कॅटेगरी आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर चौकशी करून बघा.