सवलत हीदेखील रहमतच

मगरिबची अजान होते. दस्तरखानाभोवती सगळ्यांचे उजवे हात खजुराकडे जातात. त्याचा तेवढा डावा. उजवा मांडीवर, मूठ आवळलेली. याच हाताने तो मोबाईलचे बारीक स्क्रू काढायचा, बसवायचा. तिशीच्या आतच त्याला लकवा मारला. त्याला आता चार वर्षे झाली.

पक्षाघात म्हणजे म्हातारपणचे दुखणे, असा आपला समज. पण रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हृदयाचे विकार तरुणांनाही सोडत नाहीत. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याच्या घरच्यांना वाटले, झोपल्यावर बरे वाटेल. सकाळ झाली, वेळ गेली.

चालणे हळूहळू परत आले; बोलणे पूर्ण आले नाही. समोरच्याचे सगळे कळते, उत्तरही मनात तयार असते, पण शब्द सापडत नाही. अम्मीला हाक मारायची तरी कधीकधी भलताच शब्द निघतो. नमाजला बसला की मात्र सूरह फातिहा सलग म्हणतो. घरच्यांना हा चमत्कार वाटला. वाचा-उपचार तज्ज्ञांना तो परिचयाचा आहे. लहानपणापासून घोकलेल्या प्रार्थना, गाणी, आकडे अशा रुग्णांच्या तोंडी पुष्कळदा टिकून राहतात; नवे वाक्य जुळवणे अवघड जाते. अभंग म्हणणाऱ्या आजींच्या बाबतीतही हेच घडते.

आजारानंतरच्या पहिल्या रमजानमध्ये त्याने गुपचूप रोजे धरले. दुपारच्या गोळ्या उशीखाली साठत गेल्या. पाचव्या दिवशी तो चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी पाणी आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत, असे बजावले. मौलानांनी कुरआनातली सूरह बकरा समोर ठेवली. आजारी माणसाला रोजातून सूट आणि बरे होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवण, म्हणजे फिदिया. उभे राहता येत नसेल तर नमाज बसून, तेही जमेना तर आडवे होऊन. मौलाना म्हणाले, "बेटा, रोजा त्याचा, सवलतही त्याचीच. एक घेतोस, दुसरी का नाकारतोस?"

तरी दुपारी पाण्याचा घोट घेताना कुणी तरी विचारतेच, "रोजा नाही का? दिसतोस तर धडधाकट!" थकवा दिसत नाही, उदासी दिसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशी हरवलेली वाचा अपंगत्व म्हणून मान्य केली आहे. मोहल्ल्याने अजून पुरती केलेली नाही. त्याच्याशी बोलताना एवढेच करावे : घाई करू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, लहान मुलासारखे बोलू नये.

फिदियाचा डबा अम्मी भरते. तो पोहोचवायला मात्र कुणाला देत नाही. दोन गल्ल्या पलीकडे एक एकट्या खाला राहतात. डाव्या हातात डबा, उजवा पाय किंचित ओढत तो असरनंतर निघतो. पाच मिनिटांच्या वाटेला त्याला वीस लागतात. खाला दार उघडून उभ्या राहतात. तो शब्द शोधतो, त्या थांबतात.

"खाला... जेवण," तो म्हणतो.